गॅस गिझर बिघडला तर स्वतः उघडायचा, शेगडीवाल्याला बोलवायचं का कंपनीला फोन लावायचा?

परभणीची थंडी ज्यानं सोसलीय त्याला वेगळं सांगायला नको, जानेवारीत पहाटे गिझर पेटला नाही की सगळं घर मोरीच्या दारात अडकून बसतं, पोरांची शाळा, आईची आंघोळ, सगळंच. लाईटीचा भरवसा नाही म्हणून आमच्या गल्लीत बऱ्याच घरात गॅस गिझरच आहे आणि दर हिवाळ्यात कुणाचा तरी बंद पडतोच. गेल्या आठ वर्षात मी स्वतः पण हात घातला, गावातला मिस्त्री पण बोलवला आणि कंपनीचा माणूस पण येऊन गेला, म्हणून तिन्ही सांगतो.

आधी तो पेटतो कसा ते समजून घ्या, कारण निर्णय त्यावरच आहे. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा ढकलला जातो, त्याला मायक्रोस्विच नावाचा छोटा खटका आहे तो दबतो, मग दोन मोठ्या सेलच्या 3 व्होल्टवर सर्किट टकटक ठिणगी टाकतं आणि त्याच वेळी गॅसचा व्हॉल्व उघडतं. ज्योतीशेजारी एक सेन्सरची काडी असते, तिला ज्योत जाणवली नाही तर गॅस लगेच बंद. म्हणजे आत तीन बाजू झाल्या, पाण्याची, सेलची आणि गॅसची. माझं मत सरळ आहे, पहिल्या दोन बाजू घरच्या माणसानं बघायच्या, तिसरीला पाना लावायचा नाही.

आता स्वतः करायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करायची? कानानं. नळ सोडल्यावर टकटक येतच नसेल तर नव्वद टक्के वेळा मला तरी सेल नाहीतर पाणी हेच कारण सापडलंय. सेलचा डबा खाली असतो, मोरीच्या ओलीनं त्याच्या पत्र्यावर हिरवट थर चढतो, नवीन सेल टाकून पण चालत नाही मग लोक म्हणतात सर्किट गेलं. पॉलिश पेपरनं घासा, दोन्ही सेल एकदम बदला, एक जुना एक नवा असं करू नका. मग पाणी. पाणी जिथून आत येतं तिथं नटाच्या मागं एक बारीक जाळी असते आणि आपल्याकडं बोअरचं पाणी म्हणजे क्षारच क्षार, पहिल्यांदा मी ती काढली तेव्हा विश्वासच बसला नाही, अर्धी जाळी पांढऱ्या खपल्यांनी आणि बारीक रेतीनं गच्च भरलेली, टोचून बघितलं तर दगडासारखी. रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवली, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासली, बसवली आणि गिझर पहिल्या झटक्यात पेटला. खर्च म्हणाल तर लिंबूसत्त्वाची एक पुडी. हे करताना सिलेंडरचं रेग्युलेटर बंद, गिझरचं पाणी बंद, सेल बाहेर, एवढं आधी करा.

आणखी एक गोष्ट, घर एकमजली असेल आणि पाण्याची टाकी गिझरच्या डोक्यावर जेमतेम हातभर असेल तर दाबच मिळत नाही, यात गिझरचा दोष नाही आणि मिस्त्रीला बोलवून पण उपयोग नाही, टाकी उंच करायची नाहीतर पंप लावायचा.

टकटक येतीय पण पेटत नाही, असं असेल तर सिलेंडर नुकताच बदललाय का बघा, पाइपात हवा असते, दोन-तीनदा नळ चालू-बंद केला की होतं. मात्र दर वेळी मधे थोडं थांबा आणि खिडकी उघडी ठेवा. तरी पेटला नाही तर हात आवरा. पेटून काही सेकंदात विझत असेल तर आधी सेल बदलून बघा, मग सेन्सरवर काजळी असेल, ते झाकण उघडल्याशिवाय होत नाही, इथून पुढं मिस्त्री. रबरी पडदा फाटला असं वाटलं तरी मिस्त्रीच, कारण बऱ्याच गिझरला तो पाण्याचा भाग थेट गॅसच्या व्हॉल्वला जोडलेला असतो, चार स्क्रू काढले की तुम्ही नकळत गॅसच्या बाजूला पोचलात.

आता मिस्त्रीचं. फायदा हा की फोन केला की दुपारपर्यंत माणूस दारात, आणि चांगला असला तर पडदा, खटका, व्हॉल्व सगळं सोबतच घेऊन येतो. पण शेगडी दुरुस्त करणारा प्रत्येकजण गिझर जाणतोच असं नाही, आणि हे मी भोगलंय. आमचा गिझर पाच मिनिटं चालून बंद पडायचा, एकजण आला, झाकण उघडून दहा मिनिटात चालू करून गेला, आम्ही खूश. दोन महिन्यांनी जाळी साफ करताना झाकणाच्या फटीतून काळी टेप दिसली म्हणून झाकण काढलं तर तांब्याच्या पाइपवर बटणाएवढी गोल चकती असते ना, पाणी अति तापलं की गिझर बंद करणारी, तिच्या दोन्ही वायरी काढून एकमेकीला पिळून त्यावर टेप मारली होती. म्हणजे गिझर गरम होऊन बंद पडत होता ते त्याचं कामच करत होता, आणि यानं रखवालदारच काढून टाकला. माझी आई त्याच मोरीत रोज आंघोळ करत होती, आठवलं की अजून अंगावर काटा येतो. म्हणून मिस्त्री बोलवा, पण शेजारी उभं राहा, काय काढलं काय जोडलं विचारा, कुठलीही वायर डायरेक्ट करू देऊ नका. काम झालं की गॅसच्या प्रत्येक जॉइंटला साबणाचा फेस लावून घ्या, बुडबुडे आले तर लीक आहे. काडी ओढून बघणारा मिस्त्री असेल तर त्याला तिथूनच परत पाठवा.

कंपनीचा माणूस महाग पडतो आणि तालुक्याच्या गावी लवकर येत पण नाही, आम्हाला चार दिवस पाणी चुलीवर तापवावं लागलं होतं. पण वॉरंटी चालू असेल तर दुसरा विचारच करू नका, झाकण उघडलं की वॉरंटीचा वाद सुरू होतो. सर्किट आणि गॅस व्हॉल्व अस्सल मिळतो ही जमेची बाजू. आणि ज्योतीवर पाणी तापतं तो तांब्याचा भागच (हीट एक्स्चेंजर) गळायला लागला असेल तर झाळून घेण्यात पैसे घालू नका, आमच्या पाण्यात तो परत दुसऱ्या जागी फुटला, तेव्हा नवीनच घ्या.

पण या सगळ्याच्या आधी एक बघा, गिझर लावलाय कुठं? बंद मोरीच्या आत असेल तर दुरुस्ती कुणाकडून करायची हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी तो बाहेर काढा, गरम पाण्याचा पाइप तेवढा आत न्या. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, डोकं दुखतं, गरगरतं, पायातलं बळ जातं आणि आतून कडी लावलेली असते. ज्योत निळी पाहिजे, पिवळी दिसली तर त्या दिवशीपासून वापर बंद. गॅस लीकचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लाईटचं कुठलंच बटण दाबू नका, एक्झॉस्ट फॅनचं पण नाही, हा गॅस हवेपेक्षा जड असतो म्हणून मोरीत खाली साचून राहतो. बाहेर येऊन गॅस गळतीच्या 1906 या हेल्पलाइनला फोन लावा.

आमचा गिझर आता मागच्या पडवीत उघड्यावर आहे, वर पत्र्याचं छप्पर केलंय. जाळी मी दर दोन महिन्यांनी स्वतः काढतो, सेल दिवाळीला बदलतो, गॅसची नारंगी नळी पाच वर्षं झाली म्हणून मागच्याच महिन्यात एजन्सीच्या माणसाकडून बदलून घेतली, आणि ती चकती कंपनीच्या माणसानं परत जोडून दिली तेव्हा आईला समोर उभं करून दाखवली.