मॅटप्लॉटलिब: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

जूनपासून एका मराठी वार्तापत्रासाठी तालुकावार पावसाचे आणि धरणसाठ्याचे आलेख काढतोय. पूर्वी हे सगळं एक्सेलमध्ये चालायचं, यंदा पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यात आलेख काढायची मॅटप्लॉटलिब ही मोफत लायब्ररी यांवर आणलं. रब्बीच्या पेरण्याही उरकल्या, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही.

रोजच्या कामाला तोड नाही. स्क्रिप्ट एकदा बसली की आकड्यांची फाइल बदलायची, बस. कोयनेच्या १०५.२५ टीएमसी क्षमतेची आडवी रेघ, तिच्याखाली यंदाचा साठा, बाजूला पावसाचे खांब: एका पानावर तीन चौकटी हव्या तशा बसवायच्या तर ३.३ आवृत्तीपासून आलेली मोझेकची सोय वापरा. कोणती चौकट कुठे हे चक्क अक्षरं मांडून सांगता येतं. खांबांच्या डोक्यावर आकडे लिहिण्याची सोय ३.४ मध्ये आली, तीही रोज लागते.

शिकताना मात्र डोकं फिरतं, कारण एकच गोष्ट करण्याचे दोन रस्ते आहेत. एकात नुसत्या आज्ञा द्यायच्या, दुसऱ्यात चौकटीचा ऑब्जेक्ट हातात धरून त्याला सांगायचं. नेटवरचे धडे दोन्हींची खिचडी करतात. याचं मूळ मॅटप्लॉटलिबच्या जन्मात आहे. जॉन हंटर हे शिकागोतले मेंदूविज्ञानाचे संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत बघायला मॅटलॅब या विकतच्या गणिती सॉफ्टवेअरला पर्याय हवा म्हणून त्यांनी हे लिहिलं आणि २००३ मध्ये खुलं केलं. मॅटलॅबची सवय असलेल्यांना जड जाऊ नये म्हणून आज्ञाही तशाच ठेवल्या. हंटर २०१२ मध्ये गेले. तेव्हापासून हा संसार बाकीचे मिळून चालवतात. जुन्या आज्ञा काढून टाकाव्यात तर जगभरच्या प्रयोगशाळांतल्या स्क्रिप्टा बंद पडतील. माझा सल्ला: पहिल्या दिवसापासून ऑब्जेक्टचाच रस्ता धरा.

रंगांचा किस्सा मला सर्वांत आवडतो. जुनी डीफॉल्ट (आपण काही न निवडल्यास आपोआप लागणारी) रंगपट्टी 'जेट' होती, निळ्यापासून लालपर्यंत इंद्रधनुषी. दिसायला झकास, पण पिवळा आणि आकाशी पट्टा इतका उठून दिसतो की आकडे हळूहळू बदलत असले तरी डोळ्यांना मधेच सीमारेषा भासते. शिवाय गडद निळा आणि गडद लाल दोन्ही झेरॉक्सवर काळपटच उमटतात. म्हणजे सगळ्यांत कोरडा तालुका आणि सगळ्यांत ओला तालुका सारखेच! आमचं वार्तापत्र गावोगाव झेरॉक्सवरच फिरतं, त्यामुळे हे मला लगेच पटलं. २०१५ च्या सुमारास नॅथॅनिएल स्मिथ आणि स्टेफान व्हॅन डर वॉल्ट यांनी नव्या पट्ट्या बनवल्या आणि ए, बी, सी अशा नावांनी चर्चेला टाकल्या. त्यावर भरपूर वाद झाला, मग 'डी' पुढे आली. तीच व्हिरिडिस. जानेवारी २०१७ च्या २.० आवृत्तीत ती डीफॉल्ट झाली, आणि ए, बी, सी सुद्धा फेकून न देता मॅग्मा, इन्फर्नो, प्लाझ्मा या नावांनी ठेवल्या. व्हिरिडिसचा उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ चढत जातो, म्हणून झेरॉक्सवरही क्रम टिकतो.

इथे बदल रेंगाळतात हे खरं. कोडमधल्या बदलाला सहसा दोन जाणत्या मेन्टेनरांचा, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांचा, होकार लागतो, आणि एखादी सोय काढायची तर आधी इशारा देऊन किमान दोन छोट्या आवृत्त्या थांबायचं असा नियम आहे. तरीही काही वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं कोड अडतं: आलेखाला 'सीबॉर्न' या दुसऱ्या लायब्ररीसारखं रूप देणाऱ्या शैलींची जुनी नावं ३.८ मध्ये गेली. इशारे पडद्यावर येतात, ते वाचायची सवय लावून घ्या.

आता आपलं दुखणं, देवनागरी. सोबत येणाऱ्या डेजाव्हू फॉन्टमध्ये ती नाहीच, नुसते चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता लावा. ३.६ पासून फॉन्टची उतरंड देता येते, म्हणजे एकात अक्षर नसेल तर पुढच्यातून घेतलं जातं. हे काम नवोदितांना खुल्या सॉफ्टवेअरवर काम देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमातून झालं. पण एवढ्याने भागत नाही. ३.१० पर्यंतची आवृत्ती एकेक चिन्ह ओळीने ठेवते, जुळणी करत नाही, म्हणजे मात्रा आणि जोडाक्षरं जागच्या जागी बसवत नाही. 'कोयना', 'सातारा' ठीक येतात. 'चिपळूण'ची वेलांटी च च्या उजवीकडे जाऊन पडते, 'महाबळेश्वर'चा श्व फुटून मधे हलंत उभा राहतो. आणि पावसाच्या प्रत्येक आलेखावर 'मि.मी.' असतंच!

इतकी वर्षं हे का सुटलं नाही? चाचण्यांमध्ये आलेख काढून तो साठवलेल्या चित्राशी ताडून पाहतात. अक्षराची कड जराशी सरकली तरी चाचणी नापास. म्हणून अक्षरं काढणारी फ्रीटाइप लायब्ररी २०१५ मधल्या २.६.१ आवृत्तीवर बांधून ठेवली होती. अक्षरजुळणी आणायची तर मजकूर असलेली ती सगळी चित्रं नव्याने काढावी लागणार, म्हणून हे काम मुख्य कोडपासून वेगळ्या शाखेत घेतलं गेलं.

तोवर माझी तोड: एसव्हीजी (ब्राउझरमध्ये उघडणारा चित्राचा प्रकार) काढताना मजकुराची चित्रं न करता तो मजकूर म्हणूनच ठेवायचा पर्याय निवडतो. मग जुळणी ब्राउझर करतो आणि ती अचूक असते. फॉन्ट मात्र बघणाऱ्याच्या मशीनवर हवा. थेट पीडीएफ हवी तर मॅटप्लॉटलिबचा पीजीएफ बॅकएंड (आलेख उमटवायचा एक मार्ग) झीलेटेक या अक्षरजुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर चालतो, फक्त वेळखाऊ आहे.

मॅटप्लॉटलिबच्या मेन्टेनरांकडे तक्रार नोंदवणार असाल तर नुसतं 'मराठी चालत नाही' लिहू नका. वाचणाऱ्या बहुतेकांना देवनागरी येत नाही. 'चिपळूण' चुकलंय हे त्यांना दिसणारच नाही. चुकीचं आणि बरोबर अशी दोन्ही चित्रं शेजारी लावा, फॉन्टचं नाव, आवृत्ती आणि चालेल असं पाच ओळींचं कोड द्या.