आम्ही तपासलं होतं, तरीही फसलो

सहलवाल्याने केलेली आमची फसवणूक उघडकीला आली ती अप्पांच्या जेवणावरून. अप्पा म्हणजे माझे सासरे. वय ७२, गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूण वर्ज्य. विमानात त्यांची उपासमार नको म्हणून पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मुलीने २५ ऑक्टोबर २०२४ ला विमान कंपनीला फोन लावला आणि जैन जेवण सांगायचंय म्हणून पीएनआर, म्हणजे आरक्षणाचा नंबर, वाचून दाखवला. पलीकडच्या बाईंनी तो दोनदा विचारून घेतला. मग म्हणाल्या, जुलैमध्ये या नंबरवर चार जागा धरून ठेवल्या होत्या, पण तिकिटं काढलीच गेली नाहीत. मुदत संपली आणि जागा सुटल्या. आता या नंबरवर काही नाही.

आमचं विमान ४ नोव्हेंबरचं होतं. भाऊबीज ३ तारखेला, दुसऱ्या दिवशी मुंबईहून मॉरिशस. चकलीची भाजणी दळून आली होती आणि त्यातली निम्मी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, वेगळ्या डब्यात ठेवली होती, निघायच्या आदल्या दिवशी ताज्या तळून सोबत न्यायच्या म्हणून.

ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने पहिला प्रश्न विचारला, "काही न बघताच पैसे दिलेत का?" म्हणून मी हे लिहायला बसले आहे. आम्ही बघितलं होतं. तिकीट विमान कंपनीच्या साइटवर बघितलं, हॉटेलला पत्र पाठवून विचारलं, दोन्हीकडून होकार आला. तो होकार त्या दिवसापुरता खरा होता. फसवणूक नेमकी तिथेच होती आणि हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर आमचे पावणेपाच लाख वाचले असते.

मॉरिशसच का, तर अप्पांमुळे. अप्पांच्या आजोबांचे एक चुलते बोटीवर चढले ते परत आले नाहीत. मॉरिशसला उसाच्या मळ्यात गेले, एवढंच घरात सांगत आले. १८३४ ते १९२० या काळात तिथे जवळपास पाच लाख करारबद्ध मजूर उतरले, बहुतेक आपल्या देशातून, आणि त्यांत कोकणातलीही माणसं होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे, २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत. बोटीतून उतरलेले मजूर ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून गेले त्या अजून आहेत. अप्पांना त्या पायऱ्या बघायच्या होत्या. आईंची इच्छा वेगळी होती. "सहा दिवस मला कुणी उद्या भाजी कुठली असं विचारू नये," एवढंच त्या म्हणाल्या. समुद्रकाठचं रिसॉर्ट ठरलं ते त्यांच्यासाठी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, हे पतसंस्थेत हिशेबनीस. आम्ही राहतो रत्नागिरी जिल्ह्यात. २०२१ च्या जुलैतल्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं होतं, त्यातून सावरायला तीन वर्षं लागली. त्यानंतर घरातल्या कुणाच्याही आयुष्यातली ही पहिली परदेशवारी.

सहल देणारा गावातलाच. अष्टविनायक, गोवा, केरळ अशा सहली त्याने नेल्या होत्या. माझ्या शाळेतल्या बाई त्याच्याबरोबर मुन्नारला जाऊन आल्या होत्या आणि खूष होत्या. तो मला वहिनी म्हणायचा, अप्पांना काका. त्याने सांगितलेली माहितीही चोख होती. जून ते ऑगस्ट मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यावर वारा फार, जानेवारी-फेब्रुवारीत वादळांची भीती, तेव्हा नोव्हेंबरची सुरुवात चांगली, राहायला पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाकला, तिथून शामरेलची सात रंगांची माती जवळ, वाटेत गंगा तलाव करता येईल. यातलं काहीही खोटं नाही. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण ज्याला एवढं माहीत आहे त्याचा व्यवहारही सरळ असणार असं आम्ही धरून चाललो.

हिशेब असा होता. माणशी १,०५,०००, चौघांचे ४,२०,०००. त्यावर पाच टक्के जीएसटी २१,०००. त्या बेरजेवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे परदेश सहलीवर प्राप्तिकर खात्यासाठी सहल कंपनीने गोळा करायची रक्कम, २२,०५०. आणि व्हिसाचे माणशी ३,५०० प्रमाणे १४,०००. एकूण ४,७७,०५०. कागद छापील, त्यावर जीएसटी क्रमांक, शिक्का, सही. ह्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर आकडे जुळवून पाहिले. बरोबर होते.

त्यातले ते १४,००० मला अजून टोचतात. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला मॉरिशसचा व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो आणि त्याला शुल्क नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. प्रवासाआधी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तोही फुकट. मॉरिशस सरकारच्या साइटवर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पाच मिनिटं वाचलं असतं तर हा माणूस नसलेल्या गोष्टीचे पैसे मागतोय हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, आणि पुढचं सगळं टळलं असतं.

६ जुलैला आम्ही १,००,००० चा धनादेश त्याच्या फर्मच्या नावाने दिला. चार दिवसांत पीएनआर आणि हॉटेलचं व्हाउचर आलं. त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सगळे मुलीच्या लॅपटॉपभोवती बसलो. सहा अक्षरांचा नंबर आणि आडनाव टाकलं, आणि चौघांची नावं एकाखाली एक आली. पुढे "कन्फर्म्ड". अप्पांनी चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का ते पासपोर्ट आणून ताडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुलीने हॉटेलला पत्र पाठवलं. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे उत्तर दुपारी आलं: होय, या नावाने दोन खोल्या आहेत, आपल्या आगमनाची वाट पाहतो. ते पत्र मी प्रिंट काढून देवघराशेजारी लावलं होतं.

आता खरा प्रकार सांगते. सहल कंपन्या ज्या यंत्रणेतून तिकिटं काढतात, तीत पैसे न भरताही जागा धरून ठेवता येतात. जागा धरली की पीएनआर तयार होतो आणि तो विमान कंपनीच्या साइटवर दिसू शकतो. पण तिकीट काढलं की त्याला वेगळा १३ आकडी क्रमांक पडतो. आमच्या कागदावर तो कुठेच नव्हता आणि तो असायला हवा हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हॉटेलचंही तसंच. बुकिंगच्या साइटवर खोली घेतली होती ती पैसे तिथे पोहोचल्यावर द्यायचे आणि ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येईल अशा अटीवर. आम्ही हॉटेलला विचारलं "बुकिंग आहे का?" ते होतं. "पैसे भरले आहेत का?" हे विचारलं नाही. आमचं पत्र गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याने ते रद्द केलं. हॉटेलकडून हे कळलं तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता.

ऑगस्टमध्ये दुसरा हप्ता मागताना तो म्हणाला, "वहिनी, फर्मच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या खात्यात टाका, पावती फर्मचीच देतो." खातं त्याच्या स्वतःच्या नावाचं, बचत खातं. ह्यांना ते खटकलं होतं. ऑडिट चालू असलं म्हणून खात्यात पैसे येणं थांबत नाही, हे पतसंस्थेत काम करणाऱ्याला कुणी सांगायला नको. त्यांनी मला बोलूनही दाखवलं. पण अप्पांसमोर नको, त्यांचा उत्साह मोडेल, म्हणून आम्ही दोघं गप्प बसलो आणि २,००,००० टाकले. १८ सप्टेंबरला उरलेले १,७७,०५० त्याच खात्यात.

२५ ऑक्टोबरला मुलीचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. संध्याकाळी आम्ही त्याच्या दुकानात गेलो. तो घाबरला नाही. पाणी दिलं, म्हणाला, विमान कंपनीने सिस्टीम बदलली आहे, नवा पीएनआर सोमवारी येईल. सोमवारी दुकानाला कुलूप. फोन दोन दिवस वाजत राहिला, मग बंद.

त्या आठवड्यात ह्यांनी त्याचा जीएसटी क्रमांक तपासला, तो जुलैमध्येच तपासता आला असता. जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचाही १५ अक्षरी क्रमांक टाकला की नाव आणि स्थिती दिसते, लॉगिनही लागत नाही. त्याची नोंदणी २०२२ मध्येच रद्द झाली होती. म्हणजे आमच्याकडून घेतलेले २१,००० सरकारकडे जाणारच नव्हते. टीसीएस ज्याच्या पॅनवर गोळा होतो त्याच्या २६एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या प्राप्तिकर खात्याकडच्या उताऱ्यात, तो दिसायला हवा. तिमाहीचं विवरणपत्र भरलं की नोंद येते. ह्यांच्या २६एएस मध्ये पगाराची कपात होती, मुदत ठेवीची होती, सहलीचं एक अक्षर नव्हतं. आता ओळखीतलं कुणी परदेश सहलीचं बोललं की मी आधी हेच सांगते. हप्त्यांनी पैसे देत असाल आणि मध्ये तिमाहीचं विवरणपत्र भरायची वेळ होऊन गेली असेल, तर पुढचा हप्ता देण्याआधी हा उतारा उघडा. जागा धरून पीएनआर दाखवता येतो, व्हाउचर छापता येतं, पण तुमच्या पॅनवर खोटी टीसीएस नोंद घालणं त्याला सोपं नाही.

पोलीस ठाण्यात आधी हा दिवाणी मामला आहे असं उत्तर मिळालं. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला होता, पण तिथली मदत पैसे नुकतेच गेलेले असतील तर होते. आमचा शेवटचा हप्ता जाऊन महिना उलटला होता आणि खातं रिकामं होतं. मग एका वकील नातेवाइकाने अर्ज लिहून दिला. बुकिंग रद्द करून झाल्यानंतरही तेच बुकिंग दाखवून त्याने दोन हप्ते घेतले, हे तारखांसह मांडलं. हॉटेलचं रद्द झाल्याचं पत्र जोडलं. त्या एका कागदामुळे हा नुसता अडचणीत आलेला व्यापारी नाही, त्याने ठरवून केलं आहे हे दिसलं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ व ३१६ खाली गुन्हा दाखल झाला. कुणावर अशी वेळ आली तर हॉटेल आणि विमान कंपनीकडून रद्द झाल्याची तारीख लेखी मागून घ्या. ती द्यायला त्यांनी आम्हाला काही अडचण केली नाही.

शिवाय ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याबरोबर फसलेल्या एका कुटुंबाने वकिलाचा खर्च कुठून आणायचा म्हणून गप्प राहायचं ठरवलं होतं. त्यांनीही आता स्वतःच अर्ज केला आहे.

अप्पांना आम्ही तीन दिवस सांगितलं नव्हतं. ते रोज सकाळी वर्तमानपत्र झालं की मॉरिशसचा नकाशा काढून बसत. २८ तारखेला, दुकानाला कुलूप दिसल्यावर, ह्यांनी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "त्याच्या घरी कोण कोण आहे?" त्याची आई त्यांच्या ओळखीची निघाली. दुसऱ्या दिवशी ते एकटेच तिच्याकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आठ दिवसांनी ती बाई आमच्या दारात आली आणि ४०,००० रुपये आईंच्या हातात देऊन गेली. तिने आपल्या पाटल्या मोडल्या होत्या. अप्पा म्हणाले ते पैसे परत करा, आई म्हणाल्या नको, तिने खाली मान घालून आणलेत, परत दिले तर तिचा अपमान होईल. ते ४०,००० आम्ही आयोगाच्या तक्रारीत मिळालेली रक्कम म्हणून दाखवले आहेत. बाकीचे ४,३७,०५० अजून यायचे आहेत.