मिसिसिपीवरचा जुना रेल्वेपूल: मोडीत निघता निघता वाचलेला धक्का

मिनेसोटातील इनव्हर ग्रोव्ह हाइट्स येथे मिसिसिपी नदीत सुमारे ६७० फूट आत गेलेला सार्वजनिक धक्का हा मुळात रॉक आयलंड स्विंग ब्रिज या बंद पडलेल्या रेल्वेपुलाचा पश्चिमेकडील भाग आहे. प्रवेश मोफत आहे आणि जुन्या बांधकामाविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने तो अवश्य पाहावा.

१८९५ साली बांधलेला हा पूल दुमजली होता. वरून रेल्वे जाई आणि खालून रस्त्याची वाहतूक. नदीतल्या बोटींना वाट देण्यासाठी त्याचा एक गाळा (खांबांवर टेकलेला पुलाचा एक भाग) मधल्या खांबावर आडवा फिरत असे. असा गाळा उघडला की त्याची दोन्ही टोके अधांतरी राहतात आणि सगळा भार मधल्या खांबावर येतो. म्हणून दोन्ही बाजूंचे वजन सारखे राखावे लागते, आणि तोल नेमका साधला तर शेकडो टनांचे पोलाद फिरवायलाही तुलनेने थोडी शक्ती पुरते. मात्र हा खांब ऐन पात्रात उभा असल्याने बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू नौकांच्या) लांबलचक तांड्यांना तो अडचणीचा ठरतो.

रॉक आयलंड रेल्वे कंपनी दिवाळखोरीत जाऊन १९८० मध्ये बंद झाली आणि पुलावरून आगगाड्या जाणे थांबले. खालच्या मजल्यावरून मोटारी मात्र टोल भरून १९९९ पर्यंत जात राहिल्या. त्यानंतर पूल दहा वर्षे नुसता गंजत राहिला आणि अखेर त्याचा बराचसा भाग पाडण्यात आला. पश्चिमेकडचे गाळे तेवढे राखून, दुरुस्त करून २०११ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले.

माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. कैच्यांवरील (पुलाच्या त्रिकोणी पोलादी सांगाड्यांवरील) रिव्हेटच्या, म्हणजे पोलाद जोडणाऱ्या जाड खिळ्यांच्या, ओळी येथे हाताच्या अंतरावरून पाहता येतात, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचे जोडकाम इतक्या जवळून न्याहाळण्याची संधी वापरातल्या रेल्वेपुलावर मिळत नाही. ज्या फिरत्या गाळ्यामुळे पुलाला नाव मिळाले तोच आता जागेवर नाही, याची हळहळ मात्र वाटते. मुलांना नेणार असाल तर त्याचे एखादे जुने छायाचित्र आधी दाखवावे, म्हणजे धक्क्याच्या टोकापुढे काय होते ते त्यांना उमगेल.

हिवाळ्यात नदीवरचा वारा फार बोचरा असतो, त्यामुळे मे ते ऑक्टोबर हा काळ सोयीचा.