हळद-ग्रीन टीची क्रीम : इसबावर कितपत चालते?

नागपुरातल्या बर्डीच्या मेडिकलमध्ये इसब-सोरायसिससाठी म्हणून विकली जाणारी ही क्रीम. घटकांत स्टेरॉइड नाही, वासही घातलेला नाही, दोन्ही चांगलं. हळदीतलं कर्क्युमिन आणि ग्रीन टीतलं ईजीसीजी ही पॉलिफेनॉल्स, म्हणजे वनस्पतींतली संयुगं, पेशींतला एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा खटका बंद ठेवतात. मात्र हे प्रामुख्याने प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर दिसलेलं.

घोडं अडतं कातडीत शिरताना. रेणू मोठे नाहीत : कर्क्युमिन ३६८ डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक), ईजीसीजी ४५८, म्हणजे कातडीत शिरण्यासाठी मानलेल्या साधारण ५०० च्या मर्यादेच्या आतच. पण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आणि ईजीसीजी त्वचेच्या तेलकट थरातून सहजी पुढे सरकत नाही. इथे दोन्ही एकाच साध्या बेसमध्ये घोटलीत. परिणामी पिवळेपणा वरच राहतो आणि उशीचा अभ्रा रंगतो. बोटावरचा डाग साबणाने लालसर होतो, बघा. साबणातला तोच क्षार कर्क्युमिन मोडतो. म्हणून चट्ट्यावर साबण नको.

डबी मात्र साफ चुकली. रुंद तोंड, रोज बोट आत, रोज हवा आत. हवा आणि उष्णतेने ईजीसीजी तपकिरी पडतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, गाडीच्या डिक्कीत राहिलेली क्रीम टाकूनच द्यावी. अरुंद तोंडाची अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब दिली असती तर निम्मी तक्रार मिटली असती.

लावायची रीत : आंघोळीनंतर अंग टिपून, ओल असतानाच. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी, साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा. अशाच दुसऱ्या क्रीममध्ये बावची ही औषधी वनस्पती असेल तर नागपूरच्या उन्हात जाऊच नका. तिच्यातल्या सोरालेन या द्रव्याने उन्हात फोड येतात.

कल्पना भाकड नाही. द्राक्षांतल्या रेसव्हेरॅट्रॉल या पॉलिफेनॉलच्या जातकुळीतलं, पण मुळात जिवाणूत सापडलेलं टॅपिनारोफ १ टक्का क्रीम म्हणून अमेरिकेत २०२२ मध्ये सोरायसिसला आणि २०२४ मध्ये अ‍ॅटोपिक इसबाला मंजूर झालं. तिथे रेणू, मात्रा, चाचण्या सगळं ठरलेलं आहे. इथे डबीवर अर्काचं प्रमाणसुद्धा नाही.

हिवाळ्यातल्या कोरड्या, हलक्या इसबाला मॉइश्चरायझर म्हणून घ्या; पाचपैकी अडीच. सोरायसिसच्या जाड खपलीला नको. चालू असलेलं स्टेरॉइड मलम हिच्या भरवशावर सोडू नका. चट्टा ओला होऊन पिवळी खपली धरली तर क्रीम बंद करून त्वचारोगतज्ज्ञ गाठा.