नम्रतेवरील मौन तपसाधना : काय लाभले, काय खटकले

देवापुढील नम्रता या विषयावरील एका निवासी ख्रिस्ती मौन तपसाधनेत मी नुकताच सहभागी झालो. अशा साधनेला जावे की नाही या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. तिचे खरे बळ मौनात आणि वैयक्तिक मार्गदर्शनात आहे. नम्रता चारचौघांत बोलून दाखवायला लावली गेली, तिथे मात्र ही साधना कमी पडली.

साधनेचा पाया जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेचा होता. पोप तिसरे पॉल यांनी 1548 मध्ये मान्यता दिलेली ही मूळ साधना चार टप्प्यांची आणि साधारण 30 दिवसांची असते. इथे तिचे संक्षिप्त रूप घेतले होते. आल्याआल्या मोबाइल जमा केले गेले, जेवणही मौनात होते आणि प्रत्येकाला एखादे काम नेमून दिले होते. माझ्याकडे भांडी आली. केलेल्या कामाबद्दल कोणी आभार मानत नव्हते, कौतुकही करत नव्हते, आणि व्यवस्थापनाने हे जाणीवपूर्वक ठेवले असावे असे मला वाटते; कारण कोणी पाहत नसताना घासलेल्या भांड्यापाशी मन किती वेळा शाबासकी शोधते, हे तिथे स्पष्ट कळते.

सर्वाधिक लाभ झाला तो एका अगदी साध्या सूचनेचा. प्रार्थनेच्या जागेपासून एक-दोन पावले अलीकडे थांबायचे, प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली छोटी प्रार्थना) म्हणायला लागेल तेवढाच वेळ उभे राहून देव आपल्याकडे कसा पाहत आहे हे मनात आणायचे, मग आदराने वाकून पुढे जायचे. ही सूचना इग्नेशियस यांचीच आहे, पण बहुतेक ठिकाणी ती केवळ वाचून दाखवली जाते. इथे प्रार्थनागृहाच्या दाराशी त्यासाठी मोकळी जागा राखली होती आणि प्रत्येक बैठकीपूर्वी सर्वांना तिथे थांबू दिले जाई. आपण प्रार्थना ‘करायला’ निघालेलो असतो, डोक्यात मागण्यांची यादी तयार असते. त्या थांबण्याने यादी मागे पडते आणि आधी कोणीतरी आपली वाट पाहत होते याचे भान येते. माझ्या मते नम्रतेची सुरुवात इथेच होते. स्वतःला कमी लेखण्याशी तिचा फारसा संबंध नाही.

मार्गदर्शन करणाऱ्या सिस्टर (धर्मभगिनी) अनुभवी होत्या. रोजच्या छोट्या भेटीत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : “देव तुमच्याकडे कसा पाहत होता?” स्वतःच्या दोषांची लांबलचक वर्णने सुरू झाली की त्या शांतपणे त्याच प्रश्नाकडे परत आणत. मननासाठी त्यांनी बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय दिला, ज्यात ख्रिस्त स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतो. आपली नम्रता ही ख्रिस्ताच्या या उतरण्यात सामील होणे आहे, हे त्यांनी व्याख्यान न देता पटवून दिले.

आता उणिवा. रात्रीच्या आत्मपरीक्षणासाठी दिलेला कागद थेट पापांपासून सुरू होत होता. इग्नेशियस यांच्या क्रमात मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानणे हा पहिला मुद्दा आहे; आपली पापे ओळखण्याची कृपा मागणे त्यानंतर येते. हा क्रम किरकोळ नाही. आधी कृपा आठवली की पापाची ओळख देवाकडे नेते. ती वगळली की तीच ओळख माणसाला स्वतःभोवती फिरवत ठेवते. काही सहभागी रात्री प्रार्थनागृहातून अगदी खचून बाहेर पडताना दिसत, त्याचे एक कारण हा कागद असावा.

दुसरी उणीव अधिक गंभीर वाटली. शेवटच्या संध्याकाळी सर्वांना वर्तुळात बसवून आपापली दुर्बलता सांगायला लावले. पहिले एक-दोघे मनापासून बोलले. पुढे प्रत्येक कथन आधीच्याहून अधिक कठोर होत गेले, आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून शब्द निवडले जात आहेत हे जाणवू लागले. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला जकातदार दूर उभा राहून, डोळे वर न उचलता देवाकडे दया मागतो. त्याचा दाखला देऊन भरवलेल्या बैठकीत त्याच्या त्या दूर उभे राहण्यालाच जागा नव्हती. हे कथन ऐच्छिक ठेवायला हवे होते; पापनिवेदनासाठी, म्हणजे एकांतात पापे कबूल करण्यासाठी, धर्मगुरू उपलब्ध होतेच.

इग्नेशियस यांनी सांगितलेल्या नम्रतेच्या तीन प्रकारांवरील सत्र तर एका बैठकीत उरकले. गंभीर पाप न करण्याइतके आज्ञापालन, मग मान-अपमान आणि गरिबी-श्रीमंती यांविषयी समभाव, आणि शेवटी ख्रिस्तावरील प्रेमापोटी त्याच्याबरोबर अपमान पत्करण्याची इच्छा, अशी ती चढती वाट आहे. तिसऱ्या प्रकारासाठी निदान एक पूर्ण दिवस हवा.

निवास, स्वच्छता आणि वेळापत्रक यांबाबत तक्रार नाही. जाणार असाल तर मार्गदर्शकाशी रोज स्वतंत्र भेट मिळेल का आणि गटात बोलणे सक्तीचे आहे का, हे नावनोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे. ज्यांना आधीच अपराधभावाने किंवा नैराश्याने ग्रासले आहे, त्यांनी ते मार्गदर्शकाच्या कानावर घालावे आणि रात्रीचा तो कागद बाजूला ठेवून आत्मपरीक्षण आभारांपासून सुरू करावे.