भौमितिक काळं-पांढरं छापचित्र: लिनो घ्यावा की लाकूड?

चौकोन, पट्टे, कोन, आणि मध्ये एकही करडी छटा नाही. असं काम करायचं ठरवलं की पहिला प्रश्न ठशाचा येतो: ज्यावर चित्र कोरायचं आणि न कोरलेल्या भागाला शाई लावून छापायचं, तो पृष्ठभाग लिनोचा (म्हणजे लिनोलियमचा) की लाकडाचा? झाडं किंवा चेहरे कोरताना लिनो आणि लाकूड दोन्ही आपल्याला सांभाळून घेतात. भूमितीत धार केसभर ढळली तरी डोळा तिथेच अडतो. मी दोन्हींवर काम केलंय आणि आता बहुतेक लाकूडच घेतो, पण लिनोची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे.

लिनोला ग्रेन, म्हणजे लाकडासारखी तंतूंची दिशा, नाही. गाउज (कोरायचं पन्हळी पात्याचं हत्यार) उभा चालवा, आडवा चालवा, तिरका चालवा, हाताला सारखाच लागतो. लाकडावर ग्रेनच्या दिशेने रेघ सुरेख निघते, आडवी कापताना तंतू उपटतात, आणि तिरक्या रेघेत ग्रेन पातं आपल्याकडे ओढू लागतो. म्हणून तुमच्या रचनेत वर्तुळं आणि कमानी जास्त असतील तर लिनोच घ्या, मी अडवणार नाही. थंडीत तो कडक होतो, पण थोडा वेळ उन्हात ठेवला की पुन्हा मऊ होतो. नव्या लिनोवर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवून तेलकटपणा काढला, तर काळाही एकसलग बसतो.

माझं मन उडालं ते टोकांमुळे. दोन काळे चौकोन फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभे आहेत, अशी जागा भौमितिक रचनेत हटकून येते, आणि कित्येकदा चित्राचा सगळा ताण तिथेच असतो. लिनो म्हणजे तागाच्या कापडावर बसवलेला जवसाचं तेल, राळ आणि बुचाचा भुगा यांचा थर. त्या टोकाशी त्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. सुरुवातीची प्रूफं, म्हणजे चाचणीच्या प्रती, छान येतात. मग रोलरच्या चिकट शाईने टोक किंचित ओढलं जातं, प्रेसखाली दबतं, गोलसर होतं, आणि एक दिवस भुगा होऊन निघून जातं. एडिशनच्या (एकाच ठशावरून काढलेल्या सारख्या प्रतींच्या संचाच्या) पहिल्या प्रतीत चौकोन एकमेकांना भिडलेले, शेवटच्या प्रतीत मध्ये पांढरी फट! एकाच एडिशनमध्ये दोन वेगळी चित्रं झाली ना ही? कडा आतून पोखरल्या जाऊ नयेत म्हणून पातं बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवायचं, हा उपाय मीही करतो. त्याने झीज लांबते, टळत नाही. कुणाचा हात माझ्याहून हलका असेल, कुणी प्रेसऐवजी चमच्याने घासून छापत असेल, त्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

लाकडाचं टोकही तुटतं, विशेषतः ते ग्रेनला आडवं असेल तर. पण तिथून अख्खी ढलपी निघते. ती जपून उचलायची, फेविकॉलचा ठिपका लावून जागेवर बसवायची, वाळली की पुढे छापायचं. शिवाय चित्र ठशावर उतरवण्याआधी थोडं फिरवून पाहिलं, तर सगळी नाही तरी बरीचशी नाजूक टोकं ग्रेनच्या दिशेने आणता येतात.

दुसरा मुद्दा काळ्याचा. लिनोचा काळा सपाट असतो, लाकडाच्या काळ्यात ग्रेन उमटतो. कुणाला तो भूमितीत लुडबूड करतोय असं वाटेल. त्यांनी ब्राझीलच्या कलावंत लिजिया पापे यांची 1950 च्या दशकातली ‘तेसेलारेस’ मालिका जरूर पाहावी. नेमक्या कोरलेल्या पांढऱ्या रेघा, आणि त्यांच्यामधल्या काळ्या पट्ट्यांत लाकूड स्वतः बोलतंय. जर्मन-अमेरिकन चित्रकार योसेफ आल्बर्स यांनी लिनो आणि लाकूड दोन्ही कोरलं. त्यांच्या 1944 च्या ‘त्लालोक’ या वुडकटमध्ये (लाकडी ठशाच्या छापचित्रात) तर मोजक्या पांढऱ्या रेघांमागे ग्रेनचाच पडदा आहे. त्या रेघा कोऱ्या सपाट काळ्यावर असत्या तर आकृती एवढी हलती राहिली असती असं मला वाटत नाही.

लाकडाचा त्रास आहेच. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ठशासाठी घेतलेला प्लाय (प्लायवुड) वाकतो. काम नसेल तेव्हा तो सपाट जागी वजनाखाली ठेवावा लागतो. बाजारातल्या स्वस्त प्लायमध्ये वरच्या पापुद्र्याखाली पोकळ्या असतात, आणि ऐन सरळ रेघेत पातं आत घुसतं. जपानी शिना प्लाय कोरायला फार चांगला, पण तो बाहेरून येत असल्याने महाग पडतो. मी बारीक, एकसारख्या ग्रेनचा तुकडा स्वतः निवडून आणतो आणि कडेकडेने नीट बघून घेतो.

तरीही मन ठरत नसेल तर मोठा ठसा आणायच्या आधी दोन्हींचे तळहाताएवढे तुकडे घ्या. दोन्हींवर कोपऱ्याला कोपरा लागलेले दोन चौकोन कोरा, आणि तुमच्या नेहमीच्या एडिशनइतक्या प्रती सलग काढा. पहिली आणि शेवटची प्रत शेजारी ठेवून फक्त ते टोक बघा.