कलिंगडाचा व्हिडिओ दाखवला आणि होडीला कोटिंग मारून गेला

परवा तोंडवळीच्या एका ओळखीच्याचा फोन आला, म्हणाला तुम्ही होडीला ते रबरासारखं कोटिंग मारलेलं ना, कसं आहे, आमच्याकडे एकजण आलाय ऑफर घेऊन. मी म्हटलं त्याला चहा पाज आणि परत पाठव. मग वाटलं सगळंच लिहून टाकावं, कारण गेली दोन वर्षं मी हे लाजेपोटी कोणाला धड सांगितलं नाही. चूक अर्धी त्याची आणि अर्धी माझी आहे.

आमची होडी १८ फुटी, उलांडीवाली (म्हणजे तोल सांभाळायला बाजूला आडव्या दांड्यांवर लाकूड बांधलेली), आजोबांच्या वेळची. फळ्या खिळ्याने नाही, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. बाबा कालावलच्या खाडीत जाळं मारतात, अजून. दर दोन-तीन वर्षांनी शिवण उसवायची, नवा काथ्या घालायचा, राळ भरायची, वरून तेलाचा हात. तेल म्हणजे पूर्वी मुशीचं (लहान शार्कचं), आता तारलीचं मिळेल ते, आणि तळाला काजूच्या टरफलाचं, जे हाताला लागलं की कातडी सोलून निघते. हे सगळं बाबा एकटे करतात आणि त्यांची पाठ आता साथ देत नाही. मी कुडाळला नोकरीला, सुट्टी मिळेल तेव्हा येणार. म्हणून माझ्या डोक्यात होतं की एकदाच काहीतरी पक्कं करून टाकावं.

२०२३ चा मे. ओम्नीतून एक माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, व्हिजिटिंग कार्ड, जेटीवर सगळ्यांना काका-दादा करत होता. त्याच्याकडे एक प्लायवूडचा तुकडा होता, वहीएवढा, त्यावर काळं खरखरीत जाड कोटिंग. हातोडी काढून त्याने दणादण मारली, टवका उडाला नाही. मग मोबाईलवर व्हिडिओ, कोटिंग मारलेलं कलिंगड उंचावरून खाली टाकतात आणि ते फुटत नाही, चेंडूसारखं उडतं. तुमच्यापैकी खूप जणांनी पाहिला असेल. "पॉलीयुरिया आहे साहेब, रबरासारखं चिवट प्लास्टिक, परदेशात ट्रकच्या हौद्याला मारतात, होडीला तर काय, दहा वर्षं बघायला नको." मी पूर्ण गार.

बाबा जाळं विणत बसलेले, मान वर न करता म्हणाले, "कलिंगडात बसान मासे मारूक जातलंस काय रे?"

सगळे हसले, मी पण हसलो, आणि संध्याकाळी त्याला २० हजार ॲडव्हान्स जीपे केला. रेट १८० रुपये स्क्वेअर फूट. बाहेरून १०५ फूट भरली, मग म्हणाला आतूनपण करून घ्या दादा म्हणजे एकदम पॅक, पाणी जायला जागाच नाही. आतून-बाहेरून मिळून २१० फूट, ३७ हजार ८००. जाडी २ मिलिमीटर, हे त्याने स्वतः कोटेशनवर लिहून दिलं. बिल नको म्हणालो तर जीएसटी वाचेल, असं तोच म्हणाला, आणि मला ते फायद्याचं वाटलं. इथेच मी स्वतःच्या हाताने दोर कापला.

आता जो हिशोब मी नंतर केला तो तुम्ही आधी करा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर जाड थर द्यायला १ लिटर माल लागतो. साधी गोष्ट आहे, शाळेतलं घनफळ. आमचे २१० फूट म्हणजे साडेएकोणीस चौरस मीटर. २ मिलिमीटर म्हणजे ३९ लिटर माल. तो किती घेऊन आला होता? ५ लिटरचे दोन डबे, लेबल खरवडलेले, आणि हार्डनरच्या (माल घट्ट करणारा दुसरा भाग) १-१ लिटरच्या दोन बाटल्या. १२ लिटर. त्यात वरून थिनर ओतला. सगळा माल अंगाला लागला आणि एक थेंब वाया गेला नाही असं धरलं तरी ०.६ मिलिमीटर, आणि थिनर उडून गेल्यावर त्याहून कमी. डबे माझ्यासमोर उघडले, मी खुर्ची टाकून बघत बसलो होतो, मोजायचं सुचलं नाही.

दुसरं म्हणजे मशीन. खरं स्प्रेचं पॉलीयुरिया साध्या कंप्रेसरने मारताच येत नाही हे मला नंतर कुडाळच्या एका रंगवाल्याने सांगितलं. त्याचे दोन भाग वेगवेगळ्या गरम होणाऱ्या नळ्यांतून येतात, ६५-७० डिग्रीला तापवून भयंकर प्रेशरने, आणि गनच्या तोंडाशी एकत्र होतात, कारण एकदा मिसळले की काही सेकंदात घट्ट. ते मशीन ओम्नीच्या मागच्या सीटवर येत नाही, त्याला टेम्पो आणि जनरेटर लागतो. हातानं मारायचे हळू सुकणारे प्रकार असतात म्हणे, पण हा तर व्हिडिओ स्प्रेचा दाखवून गाड्या रंगवायच्या गनने मारत होता आणि अख्ख्या वाडीत थिनरचा वास. खऱ्या स्प्रे-पॉलीयुरियात थिनर नसतोच जवळजवळ. थिनरने डोकं दुखायला लागलं म्हणजे तो कुठलातरी टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा साधा रंग आहे असं समजा, रंगवालाही तेच म्हणाला.

तिसरं लाकूड. होडी पाण्यातून काढून चारच दिवस झालेले. बाबा म्हणाले, "सुकली नाय हा अजून, वास बघ." खरंच, नाक लावलं तर मासळीच्या तेलाचा आणि ओलीचा वास. हा म्हणतो काका ऊन कसलं आहे, अर्ध्या तासात काम होतं. ग्राइंडर फिरवला वरवर, थिनरचं फडकं मारलं, झालं. चाळीस-पन्नास वर्षं तेल प्यालेल्या फळीवर काय चिकटणार? इपॉक्सी असो की पीयू (पॉलीयुरेथेन), असलं कुठलंही कोटिंग धरायला लाकडातली ओल १२ ते १५ टक्क्यांच्या आत लागते. मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते नसेल तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने फळीला चिकटवून रात्रभर ठेवायचा, सकाळी आतून दवासारखे थेंब दिसले तर कोटिंगवाल्याला महिन्यानंतर यायला सांगायचं. हार्डनर पण तो अंदाजपंचे ओतत होता, माप नाही काटा नाही. नाळेकडची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडची, एक बाजू तीन आठवडे चिकट राहिली, वाळू आणि कोंबडीची पिसं त्यात रुतून बसली होती.

पण सगळ्यात मोठी गोष्ट बाबांनी आधीच सांगितलेली आणि मी ऐकली नाही. "शिवण दिसाची नाय, मगे सैल झाली ता कळतला कसा?" शिवलेली होडी लाटेवर हलते, फळी फळीवर सरकते, किंचित, पण सरकते. पाण्यात गेली की लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात, उन्हात आली की परत आकसतं. म्हणून तर ती किनाऱ्यावर आपटून फुटत नाही. तिला वरून कडक कवच घातलं तर कवच तडकणार, दुसरं काय. आणि कवच घातल्यावर आतला काथ्या बदलायचा कसा, हा प्रश्न तर मला तेव्हा पडलाच नाही, होडी चकाचक काळी दिसत होती आणि मी फोटो काढून स्टेटसला ठेवत होतो.

पावसाळाभर झावळ्यांखाली ठेवली. त्या वर्षी अधिक श्रावण, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, त्यानंतर पाण्यात घातली. पहिले दहा-बारा दिवस आत थेंब नाही. बाबा पण गप्प झाले, मी मनात म्हटलं बघा. मग तळाला पुरळ उठल्यासारखे फुगे, आधी वाटाण्याएवढे, मग पापडासारखे. खिळ्याने एक फोडला तर आतून पिवळट पाणी आलं, आंबलेल्या भाताच्या पेजेसारखा वास. शिवणीच्या रेषेवर बरोबर तडे, जणू कोणी पट्टी लावून मारलेत. पाणी तड्यातून आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. आतून पण पॅक केलेलं ना.

त्यात अजून एक. तो म्हणालेला आता वर ओढायची गरज नाही, पाण्यातच राहू दे, म्हणून आम्ही खाडीतच बांधून ठेवायला लागलो, बाबांच्या पाठीलाही आराम. पूर्वी रोज वाळूवर ओढायचो, होडी सुकायची, त्यामुळे लाकूड पोखरणारा किडा लागत नव्हता. किडा म्हणतो आपण पण ती खरं म्हणजे शिंपल्यांच्या जातीची आहे. डिसेंबरात होडी वर काढली, मी आत उतरलो आणि तळाच्या फळीवर अंगठा दाबला तर तो आत गेला. बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, तीही तड्यांच्या आसपासच. मेस्त्रीने फळी आडवी कापली तर आत पेन्सिल जाईल एवढे बोगदे, आणि प्रत्येक बोगद्याला आतून पांढरा चुन्याचा गिलावा. बाबांनी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघितला, काही बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

कोटिंग काढायला वेगळे ८ हजार. जिथे चिकटलं नव्हतं तिथे हाताने पापुद्रा निघत होता, आणि जिथे चिकटलं होतं तिथे लाकडाचे तंतू सोबत घेऊनच आलं. तळाच्या फळ्या नव्या, काथ्या, राळ, मजुरी मिळून ४६ हजार. ३७ हजार ८०० चा माल काढून टाकायला आणि निस्तरायला ५४ हजार, शिवाय हंगाम गेला तो वेगळाच.

त्या माणसाचं काय? पहिल्या महिन्यात फोन उचलायचा, साईटवर आहे साहेब, बघतो साहेब. नंतर म्हणाला तुम्ही होडी वाळूवर घासत ओढली असणार. मग म्हणे वरून टॉप कोट मारू, फक्त ९ हजार. मग स्विच ऑफ. दहा वर्षांच्या वॉरंटीचा कागद काढला तर खाली बारीक अक्षरात, "सांध्यांमधील हालचालीमुळे होणारे नुकसान वॉरंटीत धरले जाणार नाही". शिवलेल्या होडीला! कार्डावरच्या पत्त्यावर मित्राला पाठवलं, गाळा बंद, शेजारी म्हणाले कोणी नसतं. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, बिल मागितलं. जीपेचा स्क्रीनशॉट आणि कोटेशन होतं, त्यावर जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. पण मी आज-उद्या करत बसलो आणि तक्रारीची २ वर्षांची मुदत उलटली. हे माझंच.

कोटिंग म्हणजे सगळंच भंपक असं माझं म्हणणं नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने रबराच्या लाकडाच्या होड्या बनवल्यात, त्यावर फायबरचं आवरण असतं, पण तिथे लाकूड आधी औषध पाजून तयार केलेलं, नवं, कोरडं. प्लायवूडची किंवा चिकटवून केलेली, न हलणारी होडी असेल तर इपॉक्सी-फायबर चांगलंच चालतं. जुन्या, तेलकट, शिवलेल्या होडीचं सांगतोय मी. आणि काहीही मारून घेणार असाल तर आधी हातभर तुकड्यावर मारून घ्या, आठवड्याने ब्लेडने फुली कापा, पॅकिंगचा टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपसोबत रंग आला की पैसे परत मागायचे, म्हणजे ॲडव्हान्स पण तोपर्यंत द्यायचा नाही.

२०२५ च्या मे महिन्यात नौदलाने कारवारला कौंडिण्य नावाची, जुन्या पद्धतीने फळ्या शिवून बांधलेली शिडाची नौका दाखल करून घेतली तेव्हा मामेभावाने व्हिडिओ पाठवला. काथ्या, राळ, सगळं आमच्या अंगणातलंच. बाबांनी मोबाईल हातात घेऊन दोनदा बघितला आणि मला परत देताना एवढंच विचारलं, "हेका कोटिंग मारूक नाय?"

तो सँपलचा तुकडा त्या दिवशी घाईत आमच्याकडेच विसरून गेला होता. नंतर मी व्हर्नियर लावून बघितलं, त्यावरचा थर चांगला ३ मिलिमीटर, अस्सल माल. अजून टवका नाही. बाबांनी तो होडीत पाय ठेवायला टाकलाय.